बेसबॉल क्लबच्या ऑफिसातली नोकरी: ही माणसं येतात कुठून?

हरिपूररोड, सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न आडवाटेचा आहे, पण इथल्या खेळांच्या धाग्यांवर जाणकार दिसतात म्हणून विचारते.

मी सांगलीचीच. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी चालू आहे, शेवटचं वर्ष. शाळेत आणि ज्युनिअर कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, कॅचर होते. विभागीयपर्यंत गेले आणि तिथं गुडघ्यानं हात टेकले. आता उन्हाळ्यात गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांचं स्कोअरिंग करते. मांडवात पंखा मिळाला की चांगली स्पर्धा.

बेसबॉल बघायचा नाद कॉलेजात लागला. अमेरिकेत संध्याकाळी सात पाचची मॅच आपल्याकडं उन्हाळ्यात पहाटे चार पस्तीसला लागते, त्यामुळं शेजारपाजारी माझी ख्याती अभ्यासू मुलगी अशी आहे. पण खरं सांगू का, मॅचपेक्षा मला नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या बातम्या जास्त आवडतात, जेव्हा एकही मॅच नसते. कुणी कुणाला कुणाच्या बदल्यात दिलं, कुणाचा करार संपला, कुठल्या पोराला चाळीस जणांच्या यादीत घेतलं. हे सगळं ठरवणारी जी माणसं आहेत, जनरल मॅनेजर आणि आता त्यांच्याही वर बसणारे प्रेसिडेंट, ती येतात कुठून? ‘मनीबॉल’वाल्या बिली बीनची, ओकलंड क्लबच्या जनरल मॅनेजरची, गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण तो आधी स्वतः खेळाडू होता. मी नाही.

घरी समजावून बघितलं. बाबांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. जनरल मॅनेजर म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कुठल्या कारखान्याचा?" साखर कारखाना नव्हे हो, खेळाचा क्लब, म्हटल्यावर म्हणाले, "मग पगार वेळेवर होत असेल."

तर सांगा, न खेळलेल्या माणसाला तिथं जागा असते का? आणि असेल तर आकडेमोड शिकू की वकिली? बरेचजण वकील दिसतात, ते का हे कळत नाही.

मिरज जंक्शन

ताई, मन मोडायचं नाही, पण वस्तुस्थिती बघा. भारतातून दोन पोरं गेली होती, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. भालाफेक करणारी, बेसबॉल कधी हातात धरला नव्हता. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं करार केला, केवढा गाजावाजा झाला. मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगपर्यंत, दोघांतलं कुणी पोचलं नाही. रिंकू पुढं डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्ती करायला लागला. दीडशे कोटींच्या देशातून हात असलेली पोरं टिकली नाहीत, तिथं सांगलीतून टेबलावर बसायला कोण बोलावणार? आयपीएल आहे, प्रो कबड्डी आहे, तिकडं बघा. आणि बँकेचा फॉर्म भरून ठेवा.

माणदेशी

मिरजकर, पोरीनं टेबलाचं विचारलंय आणि तुम्ही भाल्याचं सांगताय. त्या दोघांना खेळून दाखवायचं होतं, हिला विचार करून दाखवायचाय.

मी माण तालुक्यातला क्रीडाशिक्षक. नोकरी कबड्डी-खोखोत गेली. शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल-बेसबॉल आलं तेव्हा नियमांचं पुस्तक मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात मारलं, तिथून हा रोग जडला. आमच्याकडं ग्लोव्हज एकाच संघापुरते होते. डाव बदलला की आपल्या पोरांनी काढायचे आणि समोरच्यांच्या हातात द्यायचे, तेही घामट. डावखुऱ्यांचा एकच, तो दोन्हीकडं फिरायचा.

आता तुझं. खेळाडू असण्याची अट कधीच गेली. थिओ एपस्टाइन घे. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सनं त्याला जनरल मॅनेजर केलं तेव्हा वय २८, व्यावसायिक बेसबॉल एक दिवस खेळलेला नाही. ती खुर्ची खरं तर बिली बीनला दिली होती. तो हो म्हणाला आणि मागं फिरला, म्हणून याचा नंबर लागला. २००४ मध्ये रेड सॉक्स १९१८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकले. मग हा शिकागो कब्जकडं गेला आणि २०१६ मध्ये त्यांना १९०८ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळालं. एक दुष्काळ ८६ वर्षांचा, एक १०८ वर्षांचा. आम्ही माणदेशी, दुष्काळाचा हिशेब आम्हाला शिकवायला नको, पण हे आकडे आमच्याही आवाक्याबाहेरचे.

एवढं सगळेच सांगतात. मधलं गाळतात. येलमध्ये शिकताना बाल्टिमोर ओरिओल्सकडं उन्हाळी इंटर्न. मग सॅन डिएगो पाद्रेस, तिथं सुरुवात प्रसिद्धीच्या खात्यात, म्हणजे पत्रकारांना माहितीचे कागद पुरवायचे. तिथला वरिष्ठ लॅरी लुकीनो स्वतः वकील. क्लबचं काम करता करता एपस्टाइननंही सॅन डिएगो विद्यापीठातून वकिली पुरी केली. २८ व्या वर्षी खुर्ची मिळाली हे खरं, पण त्याआधी कागदं उपसण्यात वर्षं गेली, ती कुणाला फोटोत दिसत नाहीत.

आणि तुझ्यासाठी त्याच्यापेक्षा किम अँग बघ. शिकागो विद्यापीठात सॉफ्टबॉल खेळायची, तुझ्यासारखीच. १९९० मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडं इंटर्न म्हणून लागली. १९९५ मध्ये अॅलेक्स फर्नांडेझ नावाच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पगाराचा वाद लवादापुढं क्लबतर्फे तिनं मांडला आणि जिंकला. समोर एजंट स्कॉट बोरास, ज्याचं नाव काढलं की मालकांना घाम फुटतो. लवादापुढं बाजू मांडणारी ती पहिली बाई. मग ती अमेरिकन लीगच्या कचेरीत गेली. काम काय, तर कुठल्या क्लबनं कुणाला सोडलं, कुणी उचललं, हे नियमात बसतं का ते तपासून शिक्का मारायचा. यात कसलं ग्लॅमर? पण तीसच्या आत नियमांचं पुस्तक तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं असं म्हणायला हरकत नाही, कारण १९९८ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी न्यू यॉर्क यांकीजनं तिला असिस्टंट जनरल मॅनेजर केलं. १९९८, १९९९, २०००, सलग तीन विजेतेपदं त्या ऑफिसात बसून बघितली. पुढं लॉस एंजेलिस डॉजर्स, मग २०११ पासून थेट मेजर लीगचं मुख्यालय.

आणि जनरल मॅनेजर कधी? १३ नोव्हेंबर २०२०, मायामी मार्लिन्स. इंटर्न झाल्यापासून तीस वर्षं. मधे किती क्लबांनी मुलाखतीला बोलावलं आणि चहा पाजून परत पाठवलं. एपस्टाइनला दहाएक वर्षं लागली, हिला तीस. यातला फरक हुशारीचा आहे असं मला कुणी सांगू नये.

आता वकील का ते. क्रिस ब्रायंटचं प्रकरण एकदा नीट वाच, सगळं ऑफिस त्यात आहे. २०१५, क्लब तोच एपस्टाइनचा कब्ज. सरावाच्या मॅचेसमध्ये या पोरानं नऊ होमरन मारले. तरी हंगाम सुरू झाला तेव्हा त्याला खालच्या संघात धाडलं. कारण सांगितलं क्षेत्ररक्षणाचं. १७ एप्रिलला वर बोलावलं. नियम असा की सहा वर्षं सेवा भरली की खेळाडू मोकळा, कुणाकडंही जाऊन आपला भाव मागू शकतो. आणि सेवेचं एक वर्ष भरायला मेजर लीगमध्ये १७२ दिवस हजर लागतात. ब्रायंटचे भरले १७१.

एक दिवस. त्या एका दिवसात क्लबला त्याचं आख्खं जादा वर्ष मिळालं. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच, पुढच्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्यानं दाद मागितली, निकाल २०२० मध्ये क्लबच्या बाजूनं लागला. मला विचारशील तर हे पोराच्या ताटातलं काढून घेणं आहे. पण नियमात बसवलेलं. २०२२ च्या करारात यावर थोडी पाचर मारली: नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोनांत आला तर त्याला वर्ष पूर्ण धरायचं. म्हणजे बघ, मैदानावर एक चेंडू पडायच्या आत केवढा खेळ होऊन गेला, आणि तो खेळणारा ना बॅट धरतो ना ग्लोव्ह.

राहिला स्काउट. खरसुंडीच्या बाजारात आदत खोंड घेणारा माणूस कधी बघितलायस? दात लागलेले नसतात, कामाला जुंपलेलं नसतं. हा शिंगाकडं आधी बघतच नाही, ते नवख्यांचं काम. मालकाला म्हणतो, चालवून दाखव. मागून बघतो, मागचा खूर पुढच्याच्या ठशावर पडतो का. पाठीवरून हात फिरवतो, शेपटीचा गोंडा बघतो, आई कुणाच्या दावणीची ते विचारतो. आणि पैसे देतो ते खोंड आज आहे त्याचे नव्हे, चौसा झाल्यावर जे होईल त्याचे. बेसबॉलचा स्काउट सोळा-सतरा वर्षांच्या पोराचं हेच करतो. २० ते ८० अशी मोजपट्टी, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. फटका लागणं, ताकद, पळणं, क्षेत्ररक्षण, हात, या पाचांना प्रत्येकी दोन आकडे: आजचा आणि उद्याचा. चुकतातही सगळे. आल्बर्ट पुहोल्सला १९९९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीनं नवी पोरं निवडतात तिथं, तेराव्या फेरीत घेतलं, ४०२ वा. म्हणजे ४०१ वेळा तज्ज्ञांनी दुसरंच खोंड घरी नेलं, आणि हा पुढं सातशेच्या वर होमरन मारून बसला.

हरिपूररोड, सांगली

सर, रात्री कॅलेंडर घेऊन बसले. २०१५ चा हंगाम ५ एप्रिल ते ४ ऑक्टोबर, १८३ दिवस. १७ एप्रिलपासून मोजले तर बरोबर १७१. म्हणजे १६ तारखेला आणलं असतं तर १७२ भरले असते! तारीख कुणीतरी माझ्यासारखंच बोटं मोजून काढली असणार. हे करताना मला मजा आली आणि थोडं कसंसंही झालं.

पण मग लवाद म्हणजे नक्की काय चालतं? किम अँगनं काय मांडलं असेल?

काळा कोट, सातारा

इथं मी बोलू शकते. सातारा जिल्हा न्यायालयात वकिली करते, त्यातली बरीचशी भूसंपादनाच्या मोबदल्याची. बेसबॉलचं वेड नवऱ्याचं, पण हा लवाद वाचल्यापासून मीच त्याला प्रश्न विचारते.

आमच्याकडं शेतकरी गुंठ्याला एक भाव मागतो, सरकार दुसरा सांगतं, कोर्ट मधला कुठलातरी देतं. म्हणून दोघंही ताणून मागतात. बेसबॉलच्या लवादात मधलं नाहीच. साधारण तीन ते सहा वर्षं सेवा झालेला खेळाडू एक आकडा देतो, क्लब एक देतो. फेब्रुवारीत तीन लवादांपुढं सुनावणी. प्रत्येकाला तासभर, मग खंडनाला अर्धा तास. लवादांनी दोनातला एकच आकडा उचलायचा, इकडं ना तिकडं. कारणंही लिहून देत नाहीत. त्यामुळं फार ताणणारा हरतो, आणि बहुतेक प्रकरणं सुनावणीच्या आधीच मिटतात. ज्यानं ही पद्धत काढली त्याला माझा नमस्कार. आमच्याकडं आली तर निम्मी तुंबलेली प्रकरणं संपतील, आणि आमची फीही.

त्या तासाभरासाठी जी फाईल लागते ती ऑफिसातली तुझ्या वयाची पोरं महिनोन्‌महिने बनवत असतात. इतकीच सेवा झालेले, इतपतच खेळलेले आधीचे खेळाडू शोधायचे, त्यांना तेव्हा काय मिळालं ते मांडायचं. कुठला खेळाडू तुलनेला घ्यायचा आणि कुठला मुद्दाम बाहेर ठेवायचा, सगळी वकिली त्यात. म्हणजे तुझा "आकडे की वकिली" हा प्रश्न तिथं उरतच नाही. आकडे वकिलाच्या पद्धतीनं मांडता यायला हवेत.

एक कडू बाजू मात्र आहे. खेळाडू स्वतः समोर बसलेला असतो, आणि त्याच्याच क्लबचे लोक त्याच्या तोंडावर सांगतात की तू एवढ्या लायकीचा नाहीस. मिलवॉकीचा पिचर कॉर्बिन बर्न्स, २०२१ चा साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा, मिळालेला. २०२३ मध्ये त्यानं मागितले १ कोटी साडेसात लाख डॉलर, क्लबनं सांगितले १ कोटी १० हजार. फरक ७ लाख ४० हजारांचा. क्लब जिंकला. बर्न्सनं उघड सांगितलं की जे ऐकावं लागलं त्यानं नातं दुखावलं. वर्षभरात क्लबनं त्याला बाल्टिमोरला देऊन टाकलं.

अमेरिकेत टुलेन विद्यापीठाचं लॉ स्कूल या लवादाची विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा घेतं, आपल्याकडच्या मूट कोर्टसारखी.

माणदेशी

वकीलबाई, आकडा तपासा. बर्न्सची मागणी १ कोटी साडेसात लाख होती की १ कोटी ७५ लाख... १०.७५ दशलक्ष म्हणजे १ कोटी साडेसात लाख. बरोबर आहे तुमचं. मास्तरकीची खोड, वही दिसली की लाल पेन निघतो.

वालचंदकर

उशिरा आलो. मी सांगलीचाच, वालचंद कॉलेजचा, सध्या पुण्यात डेटाचं काम करतो. मधे एका लीगच्या संघासाठी विश्लेषक होतो (खेळ आणि संघ सांगत नाही). लिलावाच्या आधी पन्नास पानं बनवली होती. लिलावाच्या टेबलावर मालकाच्या मेव्हण्यानं विचारलं, "यातला टीव्हीवर दिसलेला कोण?" आणि तो घेतला. बेसबॉलमध्ये हा प्रकार संपून एक पिढी झाली, म्हणून मला तिथला हेवा वाटतो. आता तीसही क्लबांत संशोधनाचं स्वतंत्र खातं आहे.

आणि मिरजकर, "कोण बोलावणार" याचं उत्तर. बिल जेम्स कॅन्ससमध्ये घेवड्याचे डबे भरणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता, तिथं बसून बेसबॉलवर लिहायचा. रेड सॉक्सनं त्याला सल्लागार नेमलं. सिग मायडल नासातून बेसबॉलमध्ये आला. फरहान झैदी पाकिस्तानी वंशाचा, जन्म कॅनडातला, लहानपण फिलिपिन्समध्ये. बर्कलीत अर्थशास्त्राची पीएचडी करताना जाहिरात बघून ओकलंड ए'ज क्लबात अर्ज केला, २००५ मध्ये लागला. पुढं डॉजर्सचा जनरल मॅनेजर, मग सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा प्रेसिडेंट. २०२१ मध्ये त्याच्या संघानं १०७ मॅचेस जिंकल्या. सरांनी सांगितलेला ब्रायंट त्याच वर्षी जुलैअखेर कब्जकडून यानंच घेतला. २०२४ मध्ये झैदीला काढलं, तेही सांगून ठेवतो. या धंद्यात निवृत्तीचा समारंभ फार कमी जणांच्या नशिबी असतो.

हरिपूररोड, तुला मी माइक फास्टचं उदाहरण देईन, कारण तू कॅचर होतीस. काठावरचा चेंडू कॅचरनं असा काही अलगद धरला की अंपायरला तो स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगा चेंडू, वाटतो, हे जुने लोक सांगत आले होते. त्यानं किती धावा वाचतात हे कुणी धड मोजलं नव्हतं. फास्ट इंजिनिअर. मैदानातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चेंडूंच्या नोंदी मोकळ्या मिळायच्या, त्यावरून त्यानं हिशेब मांडला आणि २०११ मध्ये लेख छापला. चांगल्या आणि वाईट कॅचरमधला फरक निघाला डोळे पांढरे करणारा. काही महिन्यांतच ह्यूस्टन अॅस्ट्रोजनं त्याला नोकरीवर घेतलं. ओळख नाही, वशिला नाही. लेख वाचून.

त्या नोंदी आजही सगळ्यांना खुल्या आहेत. बेसबॉल सॅव्हंट या साइटवर २०१५ नंतरचा जवळजवळ प्रत्येक चेंडू आहे: वेग, फिरकी, कुठं पडला, बॅटवरून किती वेगानं गेला. जुनं हवं तर रेट्रोशीट ही साइट. क्लबांच्या नोकरीच्या जागा फॅनग्राफ्स या साइटवर जाहीर होतात. अर्जासोबत बऱ्याचदा प्रश्न सोडवायला देतात आणि विचारतात, तुम्ही स्वतः केलेलं काम दाखवा. तिथं एमएस्सीच्या गुणपत्रिकेनं काही होत नाही. पायथन किंवा आर यायला हवं, एसक्यूएल तर हवंच, आणि काढलेलं उत्तर एखाद्या साठीच्या कोचला पाच वाक्यांत सांगता यायला हवं. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

विषयही सुचवतो. २०२६ पासून मेजर लीगमध्ये बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान द्यायची सोय आली आहे. संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. आव्हान फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर देऊ शकतो, तेही लगेच, डगआउटकडं, म्हणजे संघ बसतो तिकडं, न बघता. मग कुठल्या स्थितीत ते वापरावं आणि कुठल्या स्थितीत राखून ठेवावं? चौथ्या डावात, बेसवर कुणी नसताना उडवलं तर नवव्यात काय करणार? हे गणित आहे, आणि प्लेटच्या मागं बसलेल्या माणसाला त्यातलं जास्त कळतं.

अडचण एकच मोठी आहे, व्हिसा. इथून थेट नोकरी मिळणं फार कठीण. बहुतेकजण आधी तिथं शिकायला जातात, शिकताना एखाद्या कॉलेजच्या संघाचं काम करतात, मग उन्हाळी इंटर्नशिप. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरच्या पुढं काहीच नाही, आणि हंगामात रात्री स्वतःच्या नसतात. कर्ज काढून जाणार असशील तर हा हिशेब अडतीच्या वहीत मांडून बघ, बाबांना बरोबर घेऊन.

मिरज जंक्शन

बरं बुवा, मागं घेतो. पण त्या अॅस्ट्रोजचं पुढं काय झालं तेही सांगा की पोरीला. आकड्यांवर संघ उभा केला, २०१७ ला जिंकले, आणि मग कळलं की कॅमेऱ्यातून समोरच्या कॅचरच्या खुणा चोरायचे आणि कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला सांगायचे. डबा!

वालचंदकर

सांगतो, लपवण्यासारखं नाही. जनरल मॅनेजर जेफ लुनाउ मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतून आलेला, बेसबॉलबाहेरचा. २०१३ मध्ये त्याचा संघ १११ मॅचेस हरला. जाणूनबुजून तळाशी राहून पोरं जमवली असं लोक म्हणतात आणि माझंही तेच मत आहे. २०१७ ला विजेतेपद. १३ जानेवारी २०२० रोजी मेजर लीगनं त्याला वर्षभरासाठी निलंबित केलं, क्लबला ५० लाख डॉलर दंड आणि दोन वर्षांच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या दोन फेऱ्या गेल्या. मालकानं त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. आपल्याला ठाऊक नव्हतं असं तो म्हणाला. ऑफिसच्या प्रमुखाला ठाऊक नव्हतं, हा बचाव कुणी ऐकून घेतला नाही.

त्याआधीचं आणखी एक: सेंट लुइस कार्डिनल्सचा स्काउटिंग प्रमुख क्रिस कोरेया याच अॅस्ट्रोजच्या संगणकात शिरला. २०१६ मध्ये ४६ महिन्यांची कैद झाली. आकड्यांची किंमत एवढी वाढली की घरफोडी व्हायला लागली.

हरिपूररोड, सांगली

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आव्हानाचा विषय घेते. कॅचर असताना मला कायम वाटायचं की अंपायरपेक्षा मला चेंडू नीट दिसतो, आता ते आकड्यांत दिसतं का बघू. पहिला भाग जमला की इथंच टाकेन, फाडून खा.

माणदेशी सर, एक राहिलंच. किम अँग आता मायामीत नाहीत ना? का गेल्या?

माणदेशी

२०२३ मध्ये तिचा संघ ८४ मॅचेस जिंकून बाद फेरीत गेला. त्या हंगामाआधी तिनं पाब्लो लोपेझ हा चांगला पिचर मिनेसोटाला देऊन लुईस आरायेझ घेतला होता. लोकांनी नावं ठेवली. आरायेझनं .३५४ च्या सरासरीनं फलंदाजीचा किताब मिळवला. एवढं झाल्यावर मालकानं ठरवलं, तिच्या डोक्यावर एक प्रेसिडेंट आणून बसवायचा. तिनं पुढचं वर्ष नाकारलं आणि निघाली. मला ते आवडलं. २०२५ पासून ती अमेरिकेत बायकांच्या व्यावसायिक सॉफ्टबॉल लीगची कमिशनर आहे.

काळा कोट, सातारा

हरिपूररोड, खेळाडूंच्या संघटनेचा आणि क्लबांचा जो मूळ करार आहे तो नेटवर फुकट मिळतो. जाडजूड आहे, घाबरू नकोस. सहावं कलम पगार आणि लवादाचं, विसावं खेळाडूवरच्या हक्काचं आणि फ्री एजंटचं, म्हणजे खेळाडू मोकळा होण्याचं, एकविसावं सेवा मोजण्याचं. एकविसावं आधी वाच, छोटं आहे, तुझे १७२ दिवस तिथंच आहेत. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा, नवा आला की पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. अडलं तर इथं विचार, रविवारी दुपारी मी असते.